दर्शनी दगड आणि भिंतीचे पोट : कर्जतच्या खोऱ्यापासून विद्यापीठाच्या इमारतींपर्यंत

महाराष्ट्रात विद्यापीठे आणि महाविद्यालये दगडात बांधण्याची परंपरा १८६० च्या दशकात रुजली. दख्खनचा बेसॉल्ट, म्हणजे ज्याला सगळे नुसते ‘काळा दगड’ म्हणतात तो, या परंपरेचा मुख्य आधार. गेल्या दीडशे वर्षांत हा दगड भिंतीतून निघून भिंतीच्या अंगावर आला आहे. पूर्वी दीड-दोन फूट जाडीची अख्खी भिंतच दगडाची असे. आता काँक्रीटच्या सांगाड्यावर दोन-तीन सेंटिमीटर जाडीची दगडी फरशी बसवतात आणि तिलाच दगडी इमारत म्हणतात. या बदलात बांधकामाचा कस कुठे टिकला आणि कुठे सुटला, हे समजून घ्यायला रायगड जिल्ह्यातील कर्जत-खालापूरचा पट्टा विशेष उपयोगी पडतो. दगडी दर्शनी भागाचे राज्यातील अतिशय जुने उदाहरण, दगडी चिनकामाचा एक गाजलेला अपघात आणि आज नव्याने उभी राहणारी विद्यापीठे, हे सारे येथे काही कोसांच्या आत आहे.

कर्जत तालुक्यातील कळंब हे गाव दोन डोंगरांमधल्या सखल भागात वसले आहे. पश्चिमेला माथेरानची रांग, पूर्वेला भीमाशंकरकडे चढत जाणारी सह्याद्रीची भिंत आणि मधून उल्हास नदी व तिला मिळणारे पोशीर, शिलार यांचे प्रवाह. दोन्ही बाजूंच्या कड्यांवर आडवे पट्टे स्पष्ट दिसतात. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी एकावर एक पसरलेल्या लाव्हाच्या थरांचे ते पट्टे आहेत. हे सगळे थर एका जातीचे नाहीत. काही थर घट्ट, निळसर काळे आणि बारीक कणांचे असतात. काहींत वायूच्या बुडबुड्यांची भोके राहिलेली असून त्यांत गारगोट्यांसारखी पांढरी खनिजे भरलेली असतात. दोन थरांच्या मध्ये कुठे कुठे भाजल्यासारख्या लाल मातीचा पट्टा येतो. माथेरानच्या माथ्यावर तर दगडच बदलतो आणि तांबडा जांभा लागतो. इमारतीला घट्ट काळाच दगड चालतो. भोकाळ दगड पाणी धरतो, आणि लाल पट्ट्याजवळचा दगड काही पावसाळ्यांत भुसभुशीत होऊ लागतो. त्यामुळे दगडी इमारतीची गुणवत्ता खाणीतला थर निवडतानाच निम्मी ठरते.

घट्ट बेसॉल्टचा एक घनमीटर साधारण २,९०० किलो भरतो. तो पाणी फार कमी शोषतो आणि प्रचंड भार सहन करतो. पण त्यावर नाजूक कोरीव काम करणे अतिशय कष्टाचे. म्हणून काळ्या दगडाच्या इमारतीचे सौंदर्य मुख्यतः थरांच्या मांडणीत, सांध्यांच्या रेषेत आणि सावलीत असते. नक्षी हवी असेल तर बाहेरून मऊ दगड आणावा लागतो.

या खोऱ्यातल्या साध्या घरांना दगडी भिंती क्वचितच असत. लाकडी खांब, कारवीच्या काठ्यांचा शेणमातीने लिंपलेला कूड आणि वर गवत किंवा कौले अशी घराची रीत होती. दगड जोत्याला, विहिरीला, देवळाला आणि गडाला. पेठच्या कोथळीगडावर सुळक्याच्या पोटातून कोरून काढलेला जिना आहे. तिथे दगड रचलेला नसून वजा केलेला आहे. हीच वजाबाकीची कला खोऱ्यात त्याच्याही कितीतरी आधी पूर्णत्वाला गेली होती.

राजमाचीच्या पायथ्याशी, उल्हास नदीच्या उगमाच्या बाजूला असलेली कोंडाणे लेणी इसवी सनपूर्व पहिल्या शतकाच्या सुमाराची मानली जातात. त्यांतील चैत्यगृह सुमारे २० मीटर खोल आहे. त्याचा दर्शनी भाग पाहिला की एक गोष्ट लगेच लक्षात येते : हा दगड लाकडाचे रूप घेऊन उभा आहे. मोठी कमान, तिच्या वाशांची टोके, जाळ्या, कठडे हे सर्व सुतारकामाचे तपशील काळ्या कातळात उतरवले आहेत, आणि आतल्या छताला तर खऱ्या लाकडाच्या कमानी बसवलेल्या होत्या. कमानीच्या दोन्ही अंगांना नाचणाऱ्या जोड्यांचे पट्ट आहेत. प्रवेशाजवळच्या एका भग्न मूर्तीशेजारी ब्राह्मी लिपीतला छोटा लेख असून, कान्ह नावाच्या गुरूचा शिष्य बालक याने हे काम केल्याचे तो सांगतो. महाराष्ट्रातल्या दर्शनी दगडकामावर करणाऱ्याचे नाव इतक्या आधी आणि इतक्या ठळक जागी सापडणे ही मोठी गोष्ट आहे. शेजारचे विहार भिक्षूंच्या निवासाचे आणि अध्ययनाचे. आंबिवली-जामरुंगच्या बाजूलाही असे एक विहार कातळात कोरलेले आहे. चैत्यगृहाच्या दर्शनी भागाचा आणि खांबांचा खालचा भाग मात्र ओलाव्याने झिजून गेला आहे. वरचे कोरीव काम टिकले आणि पाया गेला.

या भागात रचलेल्या दगडाचे मोठे काम आले ते रेल्वेबरोबर. कल्याण ते खोपोली हा रेल्वेमार्ग १८५६ मध्ये सुरू झाला आणि त्याच वर्षी बोरघाटातून लोहमार्ग वर चढवण्याच्या कामाला प्रारंभ झाला. घाटाची लांबी पावणेसोळा मैल, चढ १,८३१ फूट. पंचवीस बोगदे आणि आठ मोठे दगडी कमानपूल. १८६१ मध्ये कामावरच्या माणसांची संख्या ४२,००० पर्यंत गेली होती. १४ मे १८६३ रोजी घाट वाहतुकीला खुला झाला. पाथरवट, गवंडी, बेलदार, वडार अशा दगडाशी संबंधित साऱ्या जाती-जमातींचे लोक येथे एकत्र आले. साथीच्या रोगांनी त्यांतले असंख्य जण दगावले, आणि त्यांच्यापैकी फारच थोड्यांची नावे कुठे नोंदलेली आहेत.

१९ जुलै १८६७ रोजी, ऐन पावसाळ्यात, घाटातला मऊ-की-मळी येथील कमानपूल कोसळला. पूल बांधून पुरी दहा वर्षेही झाली नव्हती. दर्शनी चिरे नीट घडवलेले होते, पण त्यांच्या मागे भिंतीच्या पोटात भरलेला डबर आणि चुना निकृष्ट होता. तोंडाचे दगड आणि पोटातला भराव एकमेकांशी बांधलेले नव्हते. पावसाचे पाणी आत शिरले, भराव ढिला पडला आणि बाहेरची चांगली दिसणारी कातडी एकटी भार पेलू शकली नाही. त्यानंतरच्या तपासणीत हा घाटमार्ग बांधणाऱ्या जीआयपी रेल्वेच्या इतरही अनेक पुलांचे चिनकाम सदोष निघाले आणि ठेकेदारी पद्धतीवर इंग्लंडपर्यंत टीका झाली. दगडी दर्शनी भागाविषयी शिकण्यासारखे जे काही आहे, त्यातले बरेचसे या एका घटनेत आहे. देखणा चिरा हा भिंतीच्या दर्जाचा पुरावा ठरत नाही. तो मागच्या भागाला कसा धरून आहे, हे पाहावे लागते.

हे ‘धरून असणे’ म्हणजे नेमके काय, ते जुन्या कामाच्या पद्धतीवरून कळते. खाणीत दगडाच्या नैसर्गिक भेगा हेरून पहार आणि सुरुंगाने मोठा खडक सुटा करत. मग त्यावर ओळीने खाचा पाडून, त्यांत लोखंडी पाचरी ठोकून तो हव्या त्या रेषेत फोडत. पाथरवट घण आणि छिन्नीने त्याची खांडकी बनवी आणि शेवटी टाकीने तोंड घडवी. एकाच दगडाच्या सहा बाजूंना सारखी मेहनत नसे. दर्शनी बाजू सपाट किंवा मुद्दाम उंच ठेवलेली, कडा सरळ. वरखालच्या बाजू पूर्ण खोलीपर्यंत सपाट हव्यात, कारण भार त्यांवरून जातो. मागची बाजू अनगड ठेवत, म्हणजे चुना तिला घट्ट पकडे. इथेच फसवणुकीला वाव असे. घाईत असलेला कारागीर वरखालच्या बाजू फक्त पुढच्या दोन-तीन इंचांपुरत्या सपाट करी आणि मागे दगड निमुळता होऊ देई. समोरून सांधा केसासारखा बारीक दिसे, पण आत पोकळी राही आणि सारा भार दगडाच्या पुढच्या कडेवर येऊन ती कालांतराने उडे. चांगला ओव्हरसियर म्हणूनच बसवलेल्या दगडाऐवजी बसवायच्या आधी उलटून ठेवलेला दगड तपासत असे.

गवंडी थर लावताना ओळंबा, गुण्या आणि दोरी वापरत असे. वरच्या थराचा उभा सांधा खालच्या सांध्यावर येता कामा नये, आणि ठरावीक अंतरावर भिंतीच्या एका तोंडापासून दुसऱ्या तोंडापर्यंत पोहोचणारा लांब दगड आडवा घालायचा, हे दोन नियम मोडले की भिंत दोन पापुद्र्यांत फुगते. चुना भट्टीतून आणून बैलांच्या घाणीत वाळूबरोबर मळत. तो हळू घट्ट होई, त्यामुळे एका दिवसात फार थर चढवता येत नसत. शेवटी दर्जा भरत, म्हणजे सांधे खरवडून त्यांत बारीक चुना दाबून पाणी अडवत. आज सिमेंटने भरलेले जाड, फुगीर सांधे सर्वत्र दिसतात. त्यांनी दगडाची रेषा झाकली जाते आणि आत गेलेले पाणी बाहेर यायची वाटही बंद होते. जुन्या भिंतींवर असे काम करणे हा दुरुस्तीच्या नावाखाली केलेला अपाय आहे.

मऊ-की-मळीचा पूल पडल्यानंतर दोन वर्षांच्या आत, १ मार्च १८६९ रोजी, मुंबई विद्यापीठाच्या ग्रंथालयाच्या इमारतीची कोनशिला बसली. विद्यापीठ १८ जुलै १८५७ रोजी स्थापन झाले होते, पण पहिली काही वर्षे त्याला स्वतःचे घर नव्हते. सर कावसजी जहांगीर रेडीमनी यांनी दीक्षान्त सभागृहासाठी एक लाख रुपये दिले. प्रेमचंद रायचंद यांनी १८६४ मध्ये ग्रंथालयासाठी दोन लाख आणि आईच्या नावाने घड्याळाच्या मनोऱ्यासाठी आणखी दोन लाख दिले. राजाबाई हे त्या आईचे नाव. पुढच्याच वर्षी कापसाच्या तेजीवर चढलेला शेअर बाजार कोसळला आणि रायचंदांसह शहरातली अनेक घराणी बुडाली, तरी देणग्या हाती आल्या होत्या आणि इमारती झाल्या. कर्जत-खालापूरची अनेक महाविद्यालये आजही याच विद्यापीठाशी संलग्न आहेत.

आराखडे लंडनच्या सर जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांचे. ते मुंबईला कधीही आले नाहीत. त्याच वर्षांत त्यांच्याच आराखड्यावर ग्लासगो विद्यापीठाची नवी इमारत वालुकाश्मात उभी राहत होती. दोन्ही इमारती गॉथिक, दोन्हींना उंच मनोरा. पण मुंबईच्या इमारतीला खोल सज्जे, कमानींच्या ओळी आणि बाहेरून चढणारे उघडे वळणदार जिने मिळाले, ते ऊन-पावसाच्या विचाराने. सभागृहाची भिंत आणि बाहेरचे ऊन यांच्यामध्ये एक सबंध व्हरांडा आहे. पश्चिमेचा झोडपणारा पाऊस आधी कमानींवर आपटतो आणि आतल्या भिंतीपर्यंत क्वचितच पोहोचतो. या इमारतीचा दर्शनी भाग म्हणजे केवळ एक पृष्ठभाग नव्हे. त्याला माणूस चालू शकेल एवढी खोली आहे. त्याच्या गुणवत्तेचे हे सर्वांत मोठे कारण, आणि आजच्या सपाट दर्शनी भिंतींत नेमके हेच हरवले आहे.

कागदावरचा आराखडा दगडात उतरवण्याचे काम लेफ्टनंट कर्नल जेम्स फुलर यांच्या देखरेखीखाली झाले आणि त्यांच्याबरोबर रावबहादूर मुकुंद रामचंद्र हे सहायक अभियंता होते. राजाबाई मनोऱ्यावर पश्चिम भारतातील निरनिराळ्या जातींच्या आणि समाजांच्या माणसांचे जे पुतळे आहेत, त्यांचे नमुने मुकुंद रामचंद्रांनी तयार केले. पागोट्यांच्या तऱ्हा, अंगरख्यांच्या चुण्या, उभे राहण्याच्या ढबी या सर्वांत पाहणाऱ्याची स्थानिक नजर आहे. लंडनच्या कार्यालयात बसून असे काम होऊ शकले नसते. हे पुतळे पोरबंदरहून समुद्रमार्गे आलेल्या मऊ, फिकट चुनखडकात कोरले आहेत. मनोऱ्याची भिंत मात्र कुर्ल्याच्या पिवळसर दगडाची. साष्टी बेटातले कुर्ला आणि मालाड येथील हे दगड बेसॉल्टपेक्षा फिकट, घडवायला सोपे आणि तरीही पावसाला टिकणारे. मुंबईच्या जुन्या सार्वजनिक इमारतींचा लोण्यासारखा रंग त्यांचाच. भार घेणारा दगड एक आणि कोरायचा दगड दुसरा ही विभागणी त्या पिढीच्या अभियंत्यांना पक्की ठाऊक होती. १९१३ च्या मुंबईच्या जनरल पोस्ट ऑफिसातही काळा बेसॉल्ट, त्यावर कुर्ल्याच्या पिवळ्या दगडाच्या कडा आणि ध्रांगध्राचा पांढरा दगड असा तिहेरी मेळ आहे.

दीक्षान्त सभागृह १८७४ मध्ये पूर्ण झाले : १०४ फूट लांब, ४४ फूट रुंद, ६३ फूट उंच, आणि एका टोकाला बारा राशींच्या चित्रांची रंगीत काचेची गोल खिडकी. ग्रंथालय आणि मनोरा नोव्हेंबर १८७८ मध्ये पुरे झाले. मनोऱ्याची उंची २८० फूट आहे. कुशल मनुष्यबळही याच सुमारास स्थानिक पातळीवर घडू लागले. पुण्यात १८५४ मध्ये सुरू झालेला इंजिनीअरिंगचा वर्ग पुढे महाविद्यालय झाला आणि मुंबई विद्यापीठाची एल.सी.ई. ही स्थापत्य अभियांत्रिकीची पदवी घेतलेले मराठी अभियंते सार्वजनिक बांधकाम खात्यात दाखल होऊ लागले. सर जे. जे. कला महाविद्यालयात १८६५ मध्ये जॉन लॉकवुड किपलिंग वास्तुशिल्प शिकवण्यासाठी आले. तिथल्या विद्यार्थ्यांचे हात नंतर बोरीबंदर स्थानकाच्या दगडावर फिरले. इमारत बांधणारे, तिचा हिशेब ठेवणारे आणि तिच्यावर कोरणारे, हे सगळे शिक्षणसंस्थांतून तयार होत होते.

पुण्यात काळ्या दगडाने जास्त साधे रूप घेतले. डेक्कन कॉलेजची येरवड्याची इमारत कॅप्टन हेन्री सेंट क्लेअर विल्किन्स यांच्या आराखड्याने बांधली गेली. कोनशिला ऑक्टोबर १८६४ मध्ये, प्रवेश मार्च १८६८ मध्ये. तिला सर जमशेटजी जिजीभाई यांची एक लाखाची देणगी होती. त्याच काळात जेम्स ट्रबशॉ यांनी गणेशखिंडीत गव्हर्नरचा प्रासाद उभारला. खर्चावरून त्याची मोठी बदनामी झाली, पण तोच १९४९ पासून पुणे विद्यापीठाची मुख्य इमारत आहे. राजवाड्याचे रूपांतर विद्यापीठात करता आले, कारण जाड भिंती, उंच दालने आणि लांब व्हरांडे कोणत्याही वापराला सामावून घेतात. फर्ग्युसन महाविद्यालयाने आपली मुख्य इमारत काळ्या दगडातच बांधली, आणि एतद्देशीयांनी चालवलेल्या संस्थेलाही सरकारी इमारतींच्या तोडीचे घर मिळाले.

विसाव्या शतकात पोलाद आणि काँक्रीटने भार घेण्याचे काम दगडाकडून काढून घेतले. जगभर हेच झाले. अमेरिकेत येल विद्यापीठाचे १९३१ चे स्टर्लिंग ग्रंथालय बाहेरून मध्ययुगीन गॉथिक दिसते, पण आत पोलादी सांगाडा आहे. महाराष्ट्रात स्वातंत्र्यानंतरची बहुतेक शैक्षणिक संकुले काँक्रीटची झाली. दगड मात्र कुठे गेला नव्हता. तो खडी होऊन काँक्रीटच्या पोटात गेला. रायगड-ठाण्याच्या डोंगरांत खडी क्रशर आले, आणि ज्या खाणीत एकेक खांडकी निवडून काढली जाई तिथे सगळा कडा एकदम सुरुंगाने उडवून, चांगला-वाईट थर न पाहता, चुरा होऊ लागला. पाथरवटाची कला खडीला लागत नाही. वडार कुटुंबांची एक पिढी घण सोडून क्रशरच्या मजुरीकडे गेली, आणि कर्जतच्या कातकरी कुटुंबांना वीटभट्ट्यांचा हंगाम मिळाला. घडीव दगडकाम महाग होण्याचे खरे कारण दगडाचा तुटवडा नाही. दगड ओळखणारे हात कमी झाले, हे आहे.

सांगाड्याच्या युगातही काळ्या दगडाला प्रतिष्ठेने वापरता येते, हे चार्ल्स कोरिया यांनी पुण्यात दाखवले. खगोलशास्त्र आणि खगोलभौतिकी यांसाठीचे आंतरविद्यापीठीय केंद्र, म्हणजे आयुका, १९८८ मध्ये जयंत नारळीकर यांच्या नेतृत्वाखाली पुणे विद्यापीठाच्या आवारात स्थापन झाले आणि नव्वदीच्या दशकाच्या सुरुवातीला त्याच्या इमारती तयार झाल्या. तिथल्या भिंतीत खालच्या भागात स्थानिक खडबडीत काळा बेसॉल्ट आहे, त्यावर काळी कडाप्पा आणि सर्वांत वर काळाच पण चकचकीत ग्रॅनाइट. खालचा दगड प्रकाश गिळतो, वरचा आकाश आणि ढग परत दाखवतो. भिंतीचा शेवट कुठे होतो आणि आकाश कुठे सुरू होते हे क्षणभर कळत नाही. तीन दगड, तीन पोत आणि एकच रंग, एवढ्या साधनांत अवकाशाच्या अंधाराचा विचार मांडला गेला. मधल्या कुंडासारख्या चौकात आर्यभट, गॅलिलिओ, न्यूटन आणि आइन्स्टाइन यांचे पुतळे आहेत. येथे दगड इमारतीच्या विषयाशी जोडलेला आहे. तो कॅटलॉगमधून निवडलेला रंग वाटत नाही. गेल्या अर्धशतकातील महाराष्ट्राच्या विद्यापीठीय इमारतींत दगडाचा इतका विचारपूर्वक वापर दुसरीकडे क्वचितच सापडेल.

२०१० नंतरच्या काळात राज्यात खासगी विद्यापीठांना स्वतंत्र कायद्यांनी मान्यता मिळू लागली आणि मुंबई-पुण्याच्या मधली मोकळी जमीन म्हणून कर्जतकडे लक्ष गेले. जामरुंगला विजयभूमी विद्यापीठ आणि कुशिवलीला युनिव्हर्सल एआय विद्यापीठ ही त्यांतली दोन. अशा नव्या संकुलांपुढचा प्रश्न दीडशे वर्षांपूर्वीच्या प्रश्नापेक्षा वेगळा आहे. भिंत आता काँक्रीटची आणि दगड फक्त आवरणाचा, ज्याला बांधकामाच्या जागी सर्रास ‘क्लॅडिंग’ म्हणतात. हे आवरण बसवण्याच्या दोन मुख्य रीती आहेत. पहिल्या रीतीत फरशी गिलाव्याने किंवा रासायनिक चिकटद्रव्याने भिंतीला चिकटवतात. दुसऱ्या रीतीत भिंतीत बसवलेल्या न गंजणाऱ्या पोलादाच्या आकड्यांवर प्रत्येक फरशी स्वतंत्र टांगतात आणि मागे हवेची पोकळी ठेवतात. बाहेरच्या दगडी आवरणासाठी भारतीय मानक, आयएस ४१०१ चा पहिला भाग, १९६७ पासून उपलब्ध आहे. मार्गदर्शन नाही अशी सबब त्यामुळे कोणाला देता येत नाही.

कर्जत-खालापूरच्या पट्ट्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, तोही बहुतांशी चार महिन्यांत आणि नैऋत्येकडून तिरका. चिकटवलेल्या दगडाची परीक्षा इथे लवकर होते. पाणी सांध्यातून मागे जाते आणि बाहेर यायला वाट नसते. ते सिमेंटमधले क्षार विरघळवून आणते, आणि पावसाळा संपताना दगडावर क्षारांचे पांढरे ओघळ उमटतात. मे महिन्याच्या उन्हात काळा दगड मागच्या काँक्रीटपेक्षा फार तापतो, जून सुरू होताच एकदम गार होतो. या ताणाने चिकटद्रव्याची पकड सुटत जाते. फरशीवर टिचकी मारली की पोकळ आवाज येतो, आणि तीच फरशी पुढच्या एखाद्या पावसात खाली येते. साधे लोखंडी आकडे वापरले असतील तर ते गंजून फुगतात आणि दगडाच्याच कडा फोडतात. पातळ दगडाचा धोका परदेशातही महागात पडला आहे. शिकागोतील अमोको इमारत १९७३ मध्ये इटलीच्या करारा संगमरवराच्या सुमारे ४३,००० पातळ फरश्यांनी मढवली होती. त्या वाकू लागल्याने १९९० ते १९९२ या काळात सगळ्या काढून ग्रॅनाइट बसवावा लागला.

यावरचे उपाय गूढ नाहीत, आणि त्यांतले बरेच जुन्या इमारतींत दिसतात. छज्जा खोल हवा आणि त्याच्या खालच्या बाजूला पाणी तोडणारी पन्हळ हवी, म्हणजे थेंब भिंतीकडे न वळता सुटून खाली पडतो. खिडकीच्या खालचा दगड भिंतीच्या बाहेर आलेला आणि उताराचा असावा. भिंतीच्या माथ्यावर दगडी टोपी आणि तिच्या दोन्ही कडांना उतार असावा. जोत्याला जमिनीपासून दोन-तीन फुटांपर्यंत खरा, जाड, घडीव काळा दगड लावला तर उसळणाऱ्या चिखलपाण्याचा मारा तिथेच संपतो. त्याच्या वर दगड नेण्याचा खर्च झेपत नसेल तर गिलावा किंवा वीट चालेल. सबंध इमारतीला पातळ दगड गुंडाळण्यापेक्षा जोते, कोपरे, पायऱ्या, प्रवेशाची कमान आणि हात लागणाऱ्या जागा खऱ्या दगडाच्या करणे हा जास्त प्रामाणिक आणि शेवटी स्वस्त मार्ग आहे. कोपरा हीच खरी कसोटी. दोन फरश्यांच्या पातळ कडा जिथे कोपऱ्यावर भेटलेल्या दिसतात, तिथे दगड किती जाड आहे हे कोणालाही कळते. अखंड कोनदगड बसवला की भिंतीला वजन येते.

दगड कुठून येणार, हाही या पट्ट्यातला खरा प्रश्न आहे. ४ फेब्रुवारी २००३ च्या अधिसूचनेने माथेरान आणि भोवतालचे सुमारे २१५ चौरस किलोमीटर क्षेत्र पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील ठरले. त्यात कर्जत, खालापूर, पनवेल या तालुक्यांचा भाग येतो आणि तिथे नव्या खाणींना मनाई आहे. पूर्वेकडे भीमाशंकर अभयारण्य आहे. हे निर्बंध योग्यच आहेत, कारण एक विद्यापीठ मढवण्यासाठी डोंगराचा कडा संपवणे कोणत्याही शिक्षणसंस्थेला शोभणारे नाही. पण पायाभरणीसाठी खोदताना प्रत्येक संकुलाच्या स्वतःच्या जमिनीतूनच मोठ्या प्रमाणात काळा दगड निघतो. तो खडीसाठी किंवा भरावासाठी देऊन टाकण्याआधी त्यातला घट्ट दगड वेगळा काढला, तर जोती, कंपाउंडच्या भिंती आणि पायऱ्या त्यातच होऊ शकतात. त्यासाठी आराखड्याच्या टप्प्यावरच वास्तुविशारद, भूवैज्ञानिक आणि पाथरवट यांना एकत्र बसवावे लागते.

मुंबईत साष्टीच्या खाणी शहराने गिळल्या. त्यामुळे जुन्या इमारतींच्या दुरुस्तीसाठी मालाड-कुर्ल्याचा जुळणारा दगड मिळवणे अवघड झाले असून, पाडलेल्या इमारतींतून निघालेल्या दगडाला त्यासाठी मोल आले आहे. राजाबाई मनोरा आणि ग्रंथालयाचे जतनकाम २०१३ ते २०१५ या काळात इंडियन हेरिटेज सोसायटीच्या पुढाकाराने आणि टीसीएसच्या अर्थसाहाय्याने झाले. वास्तुविशारद ब्रिंदा सोमाया होत्या. दगडावरची काजळी आणि आधीच्या दुरुस्त्यांतले सिमेंट काढून चुन्याच्या मिश्रणाने सांधे पुन्हा भरले गेले, आणि झिजलेल्या कोरीव भागांची डागडुजी झाली. जून २०१८ मध्ये मुंबईतील व्हिक्टोरियन गॉथिक व आर्ट डेको इमारतींचा समूह जागतिक वारसा यादीत दाखल झाला, आणि विद्यापीठाच्या या इमारती त्याचा भाग आहेत. दुरुस्तीच्या अशा कामांवर तयार झालेले दगडकारागीर आज राज्यात मोजकेच आहेत. नव्या विद्यापीठांच्या निविदांमध्ये दगडाचा दर फक्त चौरस फुटांवर मागितला जातो. त्यात दगडाची जात, थराची जाडी, मागच्या बाजूची घडण, आकड्यांचा धातू आणि काम सुरू होण्याआधी उभारून दाखवायच्या नमुना भिंतीची अट घातली, तर या कारागिरांना नियमित काम मिळेल आणि ठेकेदाराला दर्जाचे बंधन राहील.